वर्षानुवर्षे सेवा केल्यावर देवावर आपला काही हक्क निर्माण होतो का?

मागण्याची मोकळीक असते, हक्क मात्र निर्माण होत नाही. आणि ही गल्लत नव्या विश्वासणाऱ्यांपेक्षा चर्चमध्ये मुरलेल्यांकडूनच अधिक होते, असे मला वाटते. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यात, आपला वाटा उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी देतो, तेव्हा या उधळ्या मुलाचा थोरला भाऊ रागावून आत जात नाही आणि इतकी वर्षे राबूनही मित्रांबरोबर मौज करायला आपल्याला साधे करडूही मिळाले नाही, असा हिशेब बापापुढे मांडतो. बाप त्याचे कष्ट नाकारीत नाही. आपले जे काही आहे ते सर्व त्याचेच आहे, एवढेच सांगतो. म्हणजे वारसदार असूनही हा मजुरीच्या गोष्टी करतो आहे! बायबलमधल्याच इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातही (2:8-10) तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने, कर्मांनी नव्हे, असे आधी म्हटले आहे आणि सत्कृत्यांचा उल्लेख त्यानंतर येतो; म्हणजे सेवा ही तारणाची किंमत नव्हे.