जुनी झेरॉक्स मशीन घेताना पार्टचं आधी बघ

भाऊ, मशीननं किती कॉपी काढल्या हे सगळेच विचारतात. ते मॉडेल बनणं कधी बंद झालं, हे कोणी विचारत नाही. कंपन्या साधारणपणे उत्पादन थांबल्यावर 5 ते 7 वर्षं पार्ट पुरवतात. हा हिशोब तू मशीन घेतली त्या दिवसापासून नसतो! परदेशात लीज संपवून आलेली सेकंडहँड मशीन आपल्या तालुक्याला पोचेस्तोवर त्यातली बरीच वर्षं उडालेली असतात.

मुदत संपली म्हणजे लगेच भंगार, असंही नाही. ड्रम, ब्लेड, फ्युझरची फिल्म, कागद आत ओढणारा पिकअप रोलर हा झिजणारा माल खूप खपलेल्या मॉडेलचा नागपूरला कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीनं बनवलेला पण त्यात बसणारा, मिळत राहतो. रोलरवर बोट फिरवून पाहा: गुळगुळीत, चकाकता लागला तर कागद घसरणारच.

खरं अडतं ते बोर्डावर. पॉवर सप्लाय किंवा मेन बोर्ड गेला की तो दुसऱ्या बंद मशीनमधूनच काढावा लागतो. त्यात आपल्या लाइनीचा काय भरवसा! म्हणून स्टॅबिलायझर आधी, मशीन नंतर. मागच्या पाटीवर 120 व्होल्ट दिसलं तर ती बहुधा अमेरिकेतली. आपल्या 230 वर थेट लावली की खेळ खलास.

त्याच मॉडेलची बंद मशीन भंगारभावात मिळाली तर घेऊन माळ्यावर टाक. घरचे कटकट करतील, करू दे. आणि बयाणा देण्याआधी तालुक्याच्या मेकॅनिकला विचार, तो कोणत्या मॉडेलला हात लावतो.