घरी दर्जेदार संगीत ऐकायला अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्यावेत की पॅसिव्ह?

खोली लहान असेल आणि घरात आधीचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर नसेल, तर सरळ अ‍ॅक्टिव्ह घ्या. अ‍ॅक्टिव्हमध्ये अ‍ॅम्प्लिफायर (सिग्नलची ताकद वाढवणारं यंत्र) पेटीतच असतो, पॅसिव्हला तो बाहेरून जोडावा लागतो.

पण खरा फरक क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारा भाग, कुठे बसवलाय त्यात आहे. पॅसिव्हमध्ये अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेला ताकदवान सिग्नल पेटीतल्या कॉइल-कपॅसिटरमधून विभागला जातो, आणि थोडी शक्ती तिथेच उष्णतेत जाते. अ‍ॅक्टिव्हमध्ये सिग्नल कमी पातळीवर असतानाच विभागतात. मग वूफरला (खालच्या सुरांचा स्पीकर) वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, ट्वीटरला (वरच्या सुरांचा) वेगळा. उदाहरणार्थ जेनेलेक ८०३०सी: ५ इंची वूफरला ५० वॅट, ट्वीटरला ५० वॅट. जुळवाजुळवीची डोकेदुखी कंपनीनेच घेतलेली. केईएफ एलएस५० मेटा हा पॅसिव्ह सुरेखच, पण सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीत किती मोठा आवाज निघतो ते, ८५ डेसिबल, कमीच. त्याला दमदार अ‍ॅम्प्लिफायर लागतो, तो खर्च आधीच धरा.

दुकानात ‘पॉवर्ड’ (नुसता अ‍ॅम्प्लिफायर आत बसवलेले) स्पीकरही अ‍ॅक्टिव्ह म्हणून खपवतात. एकाच पेटीत अ‍ॅम्प्लिफायर आणि दुसरीकडे साधी स्पीकर वायर जात असेल, तर आत बहुधा पॅसिव्ह क्रॉसओव्हरच असतो.

पॅसिव्हचा मोठा फायदा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर तेवढाच बदलता येतो. अ‍ॅक्टिव्ह बिघडला की अख्खी पेटी सर्व्हिस सेंटरला. शिवाय बहुतेक अ‍ॅक्टिव्हना प्रत्येक पेटीजवळ सॉकेट लागतं, ते आधी बघून घ्या.