रिकाम्या पोटी लिंबू-मध-कोमट पाण्याने चरबी जळते का?
नाही. लिंबात चरबी वितळवणारं काही नसतं. उलट मोठा चमचाभर मध म्हणजे सुमारे ६० कॅलरी. पुण्यात तळजाई टेकडीवर फिरून येताना अमृततुल्य चहाच्या दुकानात दोन गोड चहा आणि क्रीमरोल झाला, तर चालण्याचा हिशेब तिथेच फिटला! बिनसाखरेच्या कॉफीने चयापचय वाढतं, पण किंचित आणि थोडाच वेळ.

खरा फरक प्रथिनांचा. त्यांच्या कॅलरींपैकी २० ते ३० टक्के पचवण्यातच खर्च होतात. भात-पोळीच्या ५ ते १०, तेला-तुपाच्या जेमतेम ३. म्हणून सकाळचे पोहे निम्मे करा आणि सोबत दोन अंडी किंवा वाटीभर मटकीची उसळ घ्या. मिसळीची तर्री नको, ते तेलच. उपासमारही नको: स्नायू झडतात आणि बसल्याजागी होणारा कॅलरींचा खर्च घटतो.