तलावावरची बदके, हरभऱ्यातली चितळे

प्रश्न : शिकार बंद असूनही आमच्या गोंदिया जिल्ह्यातील मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातील) तलावावर हिवाळी बदके कमी का उतरतात, आणि चितळे हरभऱ्यात का शिरतात?

उत्तर : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, परंतु बदकांना उथळ पाणी, देशी पाणवनस्पती आणि कापणीनंतर बांधीत (धानाच्या शेतात) सांडलेला धानही लागतो; पाऊस अपुरा झाला, तलावाचे पाणी ओलितासाठी लवकर सोडले किंवा काठावर बेशरम ही परकी झुडपी वनस्पती माजली, की ती अन्यत्र जातात. या भागातील मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बांधवांनी बेशरम उपटून, तळ नांगरून पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, आणि हाच मार्ग मला सर्वांत खात्रीचा वाटतो. चितळांचे कारण सोपे आहे : जंगलातील गवत वाळते तेव्हा हरभरा कोवळा असतो. कुंपणात वीजप्रवाह मात्र कदापि सोडू नका, त्याने माणसेही मरतात; नुकसानभरपाईसाठी वन विभागाकडे तातडीने अर्ज करा.