आधी भट्टी बघ, मग रँकिंग

प्रश्न : मी नाशिकला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अणुविज्ञानात परदेशी एमएस करायचं आहे. क्लासवाले रँकिंग दाखवून अमेरिका सांगतात, मामा म्हणतो जर्मनीत फी नाही. बाबांची निफाडची द्राक्षबाग तारण ठेवून कर्ज काढावं लागेल. सर, कसं ठरवू?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : रँकिंगचा कागद जरा बाजूला ठेव. तिथे अणुभट्टी आहे का आणि विद्यार्थ्यांना तिच्यावर काम करू देतात का, हे पहिल्या ईमेलमध्ये विचार. तारापूर अणुवीज केंद्राच्या नोकरीत मला नव्या पोरांमधला फरक इथेच दिसायचा. भट्टी सुरू करताना न्यूट्रॉन शोषणारी नियंत्रण सळई थोडी वर घ्यायची, न्यूट्रॉनची मोजणी स्थिरावेपर्यंत थांबायचं, मग तिचा व्यस्तांक (1 भागिले मोजणी) आलेखावर मांडायचा. ठिपके शून्याकडे उतरत जातात. रेष शून्याला कुठे टेकेल यावरून भट्टी कधी क्रिटिकल होणार, म्हणजे साखळी अभिक्रिया आपली आपण कधी चालू राहणार, ते आधीच कळतं. ज्याने पेन्सिलीने ही रेष एकदा ओढली, त्याला साखळी अभिक्रिया पुन्हा समजवावी लागत नाही.

यासाठी मोठी भट्टी लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये लोझानची क्रोकस भट्टी जास्तीत जास्त 100 वॉटची, आपल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी! तिथलं ईपीएफएल आणि झुरिकचं ईटीएच ही दोन तंत्रविद्यापीठं मिळून अणुअभियांत्रिकीचं मास्टर्स चालवतात. राहण्याखाण्याचा खर्च मात्र भारी. फ्रान्समधल्या पॅरिस-साक्ले विद्यापीठाचा अणुऊर्जेचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, आणि फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणूचीच, म्हणून तिथे कामही आहे. पण फ्रेंच आजपासून शिकायला घे.

मामांचं फीबद्दल बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण प्रत्येक विद्यापीठाला विचारून घे. फक्त जर्मनीने शेवटच्या तीन अणुवीज भट्ट्या 15 एप्रिल 2023 ला बंद केल्या. तिथे आता भट्ट्या मोडण्याचं आणि कचऱ्याचं काम उरलंय. ते आवडणार असेल तर जरूर जा.

अमेरिकेत शिक्षण उत्तम, एमआयटीच्या आवारातच 6 मेगावॉटची भट्टी आहे. अडचण पुढे नोकरीत येते. तिथल्या कंपनीला भट्टीचं राखीव तंत्रज्ञान भारतीय नागरिकाच्या हाती देण्याआधी त्यांच्या ऊर्जा खात्याची परवानगी काढावी लागते. हे क्लासवाले सांगत नाहीत, आणि कर्ज काढणाऱ्या घराला ते आधी कळायलाच हवं.

आणि बाळा, परत येऊन इथेच काम करायचं मनात असेल, तर भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय 1957 पासून सुरू आहे. तिथे वर्षभर शिकवतात आणि वर विद्यावेतन देतात. यंदा गेट दे, तिथे अर्ज कर. निकाल हातात येईपर्यंत बागेचा सातबारा बँकेत नेऊ नका, असं बाबांना माझ्याकडून सांग.