थंडीला नाही, घामाला घाबरा

प्रश्न: ताई नमस्कार. मी ५२ वर्षांची, इथल्या एका आयटी कंपनीत अकाउंट्स बघते. आमचा क्लायंट फिनलंडचा आहे, त्यांनी आमच्या नऊ जणांच्या टीमला फेब्रुवारीत त्यांच्या उत्तरेकडच्या लॅपलँडला बोलावलंय, रोवानिएमी म्हणून गाव आहे. प्रोग्राममध्ये कुत्र्यांची गाडी, स्नोमोबाईल (बर्फावरची स्कूटर), सौना (घाम काढायची गरम खोली) असं काय काय लिहिलंय. बाकी सगळी पोरं पंचविशीतली. मला इन्सुलिन चालू आहे, पक्की शाकाहारी आहे, आणि सौनाचं यूट्यूबवर बघितलं तर झोपच उडाली. घरचे म्हणतात या वयात कशाला, पण मला मनातून जायचंय. काय करू?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: जायचंय ना, मग जा. घरच्यांना सांगा, ताईंनी सांगितलंय.

मी स्वतः एकदा फेब्रुवारीतच तिकडे जाऊन आलेय, तेव्हा थोडं अनुभवाचं सांगते. आपल्याकडे जानेवारीत पारा ७-८ वर आला की आपण मफलर गुंडाळून पोहे खायला निघतो, तिकडे फेब्रुवारीत उणे १०-१५ म्हणजे नेहमीचंच, कधी कधी उणे ३० पर्यंतसुद्धा जातं. पण खरं सांगू, थंडीनं मला नाही छळलं, छळलं ते माझ्या सुती बनियननं. चढावर कुत्र्यांना जरा मदत म्हणून एका पायानं गाडी ढकलत होते, मस्त घाम आला, मला वाटलं वा, गरम झालो आपण. आणि दहा मिनिटांनी थांबलो तर तो ओला कापूस पाठीला बर्फासारखा चिकटला, दात वाजायला लागले ते जेवायला आत गेलो तेव्हाच थांबले. सुती कपडा घाम धरून ठेवतो, वाळतच नाही. म्हणून अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, आणि वरचा जाड ओव्हरऑल न् बूट सफारीवालेच देतात बहुतेक, तो विकत घेऊ नका, उगाच खर्च. बूट एक नंबर मोठा मागा, आत बोटं हलली पाहिजेत, घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर पाय जास्तच गार पडतात. हातमोजे पाच बोटांचे नकोत, चार बोटं एकत्र राहतात तसले घ्या. आणि घाम यायला लागतोय असं वाटलं की लगेच चेन उघडा, लाजू नका.

आता इन्सुलिन, हे नीट वाचा. ते गोठता कामा नये, एकदा गोठलं की वितळल्यावर कितीही चांगलं दिसो, फेकायचंच. म्हणून विमानात हँडबॅगेत, आणि बाहेर फिरताना आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. पाठीवरच्या सॅकमध्ये अजिबात नाही. ग्लुकोमीटरसुद्धा गारठ्यात एरर दाखवतो, तोही आतच. थंडीत अंगमेहनत झाली की शुगर खाली जाऊ शकते तेव्हा खिशात गोळ्या-चॉकलेट ठेवा, आणि टीममधल्या निदान दोघांना तुमच्या आजाराबद्दल सांगून ठेवा, गाइडलाही. ती गरम होणारी पुडकी मिळतात ना, ती उघड्या पायाला लावू नका, पायाची संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळतही नाही. जायच्या आधी डॉक्टरांना भेटायचं हे तर सांगायला नकोच.

कुत्र्यांच्या गाडीला नाही म्हणू नका बाई. एका गाडीत दोघं, एक जण पुढे पांघरुणात बसतो, दुसरा मागे पट्ट्यांवर उभा राहून पायानं ब्रेक लावतो. तुम्ही पुढे बसा. निघायच्या आधी ती कुत्री असा काही आरडाओरडा करतात, उड्या मारतात, की मला वाटलं आता ही दोरीच तोडणार, आणि दोरी सुटली की एकदम शांत. एकही भुंकत नाही. फक्त बर्फावर घासल्याचा सर्र आवाज आणि त्यांचा धापा टाकण्याचा. मागे उभ्या असलेल्या पोराला एवढंच बजावा की पडलास तरी गाडी सोडायची नाही, कुत्री मागे वळून बघत नाहीत! स्नोमोबाईल चालवायला ड्रायव्हिंग लायसन्स लागतं, तुम्ही मागे बसलात तरी चालतं, नाहीच बसलात तरी कोणी काही म्हणणार नाही.

सौनाचं एवढं मनावर घेऊ नका. पंचावन्न लाखांच्या देशात तीसेक लाख सौना आहेत म्हणतात, २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीतही गेलं, त्यांच्यासाठी ते आपल्या अंघोळीइतकं साधं. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आत बहुतेक कपड्यांशिवाय, पण ग्रुपमध्ये टॉवेल किंवा स्विमसूट चालतो आणि नको म्हटलं तर आग्रह नाही करत कोणी. आपल्यासारखा जेवायचा आग्रह तर मुळीच नाही.

खाण्याचं आधीच लेखी कळवा. तिकडे ठिकठिकाणी सामन माशाचं सूप आणि रेनडिअरचं मटण. राय नावाच्या धान्याच्या पोळीत दाटसर भात भरलेली कार्यालन पिराक्का मिळते, छान लागते, फक्त वर अंड्याचं लोणी असतं, ते नको म्हणून सांगायचं. सेव, इन्स्टंट पोहे खुशाल न्या, पण तूप, पेढे, मावाबाटी नाही, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. मी पेढे नेले होते. असो.

प्रश्न: ऑफिसची हीच अशी टूर ठरवायचं काम माझ्यावर आलंय. डिसेंबर बरा की मार्च? नॉर्दर्न लाइट्स नक्की दिसतात का?
— विजयनगर, इंदूर

उत्तर: नक्की कोणीच सांगू शकत नाही, जो एजंट गॅरंटी देईल त्याला सोडा. सूर्याकडून येणारे कण वर शंभरेक किलोमीटरवरच्या हवेला धडकतात, की रात्री आकाशात हा रंगीत उजेड दिसतो, हिरवा रंग ऑक्सिजनचा. खाली ढग असले तर वर कितीही नाचू दे, तुम्हाला दिसणार शून्य. फिनिश भाषेत त्याला कोल्ह्याची आग म्हणतात, बर्फावर कोल्ह्याची शेपटी घासून ठिणग्या उडाल्या अशी त्यांची गोष्ट. किमान तीन-चार रात्री ठेवा.

डिसेंबरमध्ये उजेड दोन-अडीच तास. आपलं कर्कवृत्त उज्जैनच्या जवळून जातं ना, साडेतेवीस अंशांवर, तेच नव्वदातून वजा करा, साडेसहासष्ट, ते आर्क्टिक वृत्त, रोवानिएमी त्याच रेघेवर. शाळेत हे पाठ केलं होतं, तिथे दुपारी बारालाच क्षितिजाला टेकलेला सूर्य बघितला की कळतं. टीमला खेळ-बिळ करायचे असतील तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च घ्या, दिवस मोठा आणि रात्रही पुरेशी काळोखी. फिनलंडला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निघायला १५ दिवसांहून कमी उरले की नाही, आणि ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच. फोटोसाठी फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी ६० टक्क्यांवरून एकदम बंद पडते, माझी नेमकी हिरवा पडदा उघडला तेव्हाच गेली.