तुम्हाला पेटीत इस्लामपूरच्या तंबू-सिनेमाचा जुना परवाना आणि एक रीळ सापडलंय, त्यावरून तुमचे दोन प्रश्न: परवान्यात वाळूच्या बादल्या आणि सेन्सॉर एकाच कागदावर का? आणि इस्लामपूरच्या कागदावर साताऱ्याचा शिक्का कसा?

शिक्क्याचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. 1920च्या दशकात इस्लामपूर, तासगाव हा सातारा जिल्हा, म्हणजे खालसा (थेट इंग्रजी अंमलाखालचा) मुलूख. सांगली-मिरज पटवर्धनांची संस्थानं. 1918चा सिनेमॅटोग्राफ कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा, संस्थानात तो आपोआप लागू होत नसे. तासगावात परवाना जिल्हा मॅजिस्ट्रेट देणार, सांगलीत अधिकार दरबारचा. त्यामुळे सांगली शहराचा असा कागद हवा असेल तर कलेक्टर कचेरीत नाही, संस्थानी दफ्तरात शोधा. दक्षिण सातारा जिल्हा 1949चा, त्याला ‘सांगली’ नाव 1960ला मिळालं.

आता बादल्या. तेव्हाची 35 मिमी फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या प्लॅस्टिकची. तिच्या मागे कार्बनच्या कांड्यांचा आर्क दिवा, प्रचंड तापणारा. छिद्रं फाटली, जोड सुटला किंवा हँडल फिरवणारा थांबला की गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या खाचेत, अडकलेला तुकडा काही सेकंदांत पेटतो. म्हणून वेग पडला की दिव्यासमोर आपोआप पडणारी झडप आणि यंत्राभोवती न जळणारी केबिन. नायट्रेटच्या आत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे पेटलेलं रीळ पाण्याखालीही जळत राहतं. वाळूही त्याला विझवत नाही. बादल्यांचा खरा उपयोग आग कनातीपर्यंत पोचू नये एवढाच.

ब्रिटनचा 1909चा कायदा या आगीच्या भीतीतूनच आला. पण एकदा परवाना देणारा हात तयार झाला की तो पडद्यावर काय दिसतं तिथपर्यंत जाणारच! तिथल्या नगरपालिकांनी तेच केलं. आपल्याकडे 1918ला आडवाट ठेवलीच नाही: प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची अट आणि प्रमाणित चित्रपटच दाखवण्याची अट एकाच परवान्यात. प्रमाणपत्रासाठी 1920ला मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसली. तरी जिल्हा मॅजिस्ट्रेटला एखादं चित्र आपल्या जिल्ह्यात रोखून सरकारच्या हुकुमाची वाट बघता येत असे. मुंबईत पास झालेलं चित्र साताऱ्यात अडू शकत होतं ते यामुळे. माझ्या मते त्या कायद्याचं खरं बळ बोर्डापेक्षा या कलमात होतं.

आता पेटीतल्या रिळाचं: ते काडी लावून तपासू नका. कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ (सहज न पेटणारी फिल्म) किंवा ‘नायट्रेट’ छापलेलं असतं, ते भिंगाने वाचा. काही छापलेलं नसेल तर नायट्रेटच धरा. पिवळट डाग, चिकटपणा, बुडबुडे, उग्र वास यांतलं काहीही दिसलं तर उलगडू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, माळ्यावर पत्र्याखाली तर अजिबात ठेवू नका. थंड, हवेशीर जागी, माणसांच्या वावरापासून लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. एसटीच्या पार्सलनं मात्र पाठवू नका.